अश्रुग्रंथीची अर्बुदे : शस्त्रापूर्वीचे निदान

अश्रू हा साहित्याचा जितका परिचित विषय आहे, तितकीच अश्रू निर्माण करणारी ग्रंथी सुशिक्षित वाचकासही अपरिचित आहे. तिच्यात उद्भवणाऱ्या अर्बुदांची, म्हणजे गाठींची, वार्ता तर वैद्यकाच्या वर्तुळाबाहेर क्वचितच येते. याचे कारण उघड आहे. ही अर्बुदे फार दुर्मिळ असतात. ग्रंथीच्या मूळ स्रावक पेशींपासून होणारी अर्बुदे दर दहा लाख लोकसंख्येत वर्षाकाठी सुमारे एका व्यक्तीस होतात, असे सामान्यतः मानले जाते. सर्वसाधारण नेत्रवैद्यास आपल्या संपूर्ण व्यवसायकाळात असे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटावेत, हे यावरून सहज ध्यानी येईल.

तथापि या दुर्मिळ विकारात एक विशेष आहे, आणि त्यामुळे तो ज्ञानव्यवहाराच्या व भाषेच्या अभ्यासकांनाही विचार करावयास लावणारा आहे. शरीरातील बहुतेक गाठींच्या बाबतीत निदानाचा क्रम ठरून गेलेला असतो. गाठीचा लहानसा तुकडा काढावयाचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाचा, गाठीचे नाव निश्चित करावयाचे आणि मग उपचारांची दिशा ठरवावयाची. अश्रुग्रंथीच्या बाबतीत हा क्रम सरसकट पाळता येत नाही. तिच्यात होणाऱ्या एका अर्बुदाचा तुकडा काढणे हेच अपायकारक ठरते, तर दुसऱ्याचा तुकडा काढावयास विलंब लावणे प्राणावर बेतते. यास्तव कोणत्या प्रकारचे अर्बुद असावे याचा अंदाज शस्त्र हाती घेण्यापूर्वीच बांधावा लागतो. या अंदाजाचा मुख्य आधार म्हणजे रुग्णाला विचारावयाचे दोन साधे प्रश्न होत: गाठ केव्हापासून आहे, आणि ती दुखते काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचे महत्त्व, त्यांना पूरक ठरणाऱ्या तपासण्या आणि त्यांवरून ठरणारे उपचार यांचे विवेचन केले आहे.

ग्रंथीचे स्थान व रचना

अश्रुग्रंथी डोळ्याच्या खोबणीत वरच्या बाजूस व बाहेरच्या अंगास, म्हणजे भुवईच्या कानशिलाकडील टोकाखाली, असते. कपाळाच्या हाडात तिच्यासाठी एक उथळ खळगा असतो. ग्रंथीची लांबी साधारणपणे दोन सेंटिमीटर, म्हणजे बदामाएवढी भरते. वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूच्या पसरट कंडरेमुळे तिचे दोन भाग पडतात. मोठा भाग खोबणीत आत असतो, लहान भाग पापणीत असतो. आतल्या भागात तयार झालेले अश्रू वाहून आणणाऱ्या सूक्ष्म नलिका पापणीतील भागामधूनच बाहेर पडतात. म्हणून पापणीतील लहानशा भागास इजा झाली, तरी संपूर्ण ग्रंथीचा स्राव अडू शकतो. शस्त्रवैद्याने ही गोष्ट नित्य ध्यानात ठेवावी लागते.

रचनेचे आणखी दोन विशेष पुढील विवेचनासाठी आवश्यक आहेत. पहिला असा की, खोबणीच्या भिंती हाडाच्या असल्यामुळे आत वाढणाऱ्या गाठीला मोकळीक मिळत नाही. ती डोळ्यास खाली, नाकाच्या दिशेने आणि पुढे ढकलते. दुसरा विशेष असा की, ग्रंथीला संवेदना पुरविणारी मज्जातंतूची शाखा खोबणीच्या मागील फटीतून कवटीच्या आत पोहोचते. मज्जातंतूच्या कडेने पसरणाऱ्या कर्करोगाला हा जणू तयार मार्गच होय.

अर्बुदांचे वर्गीकरण

अश्रुग्रंथी सुजली म्हणजे तिच्यात अर्बुदच आहे असे नाही. या सुजेचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गात ग्रंथीच्या मूळ स्रावक पेशींपासून झालेल्या गाठी येतात. दुसऱ्या वर्गात ग्रंथीचा दाह, तसेच तिच्यातील लसीकापेशींपासून होणारे लिंफोमा इत्यादी विकार येतात. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन नेत्रवैद्य ऑल्जर्नन रीस प्रभृतींच्या अभ्यासावरून एक ‘निम्म्याचा नियम’ रूढ झाला. निम्मे विकार मूळ पेशींचे, त्यांतील निम्मे सौम्य व निम्मे मारक, आणि मारकांतील सुमारे निम्मे एका विशिष्ट कर्करोगाचे, असा तो होता. स्मरणास सोपा असल्याने हा नियम पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकला. परंतु त्याचा आधार प्रामुख्याने विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळांकडे तपासणीस आलेल्या नमुन्यांचा होता. औषधानेच बरा होणारा दाह प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत नाही, ही साधी गोष्ट त्यात दुर्लक्षित राहिली. १९८९ साली कॅरोल शील्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया येथील १४२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मूळ पेशींचे विकार केवळ २२ टक्के आढळले आणि उरलेले ७८ टक्के दाह व लसीकापेशींचे विकार होते. एकट्या दाहाचेच प्रमाण ६४ टक्के होते. नमुना कोठून गोळा केला यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

मूळ पेशींच्या अर्बुदांत दोन अर्बुदांचा विचार प्रामुख्याने करावा लागतो. पहिले प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा होय. त्यास मराठीत बहुरूपी ग्रंथ्यर्बुद म्हणता येईल. त्यात ग्रंथीच्या पेशींबरोबरच कूर्चेसारखा किंवा श्लेष्मल भागही दिसतो, म्हणून पूर्वी त्यास ‘मिश्र अर्बुद’ म्हणत. हे अर्बुद सौम्य असते व बहुधा मध्यम वयात आढळते. दुसरे ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा होय. हा मारक कर्करोग असून सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशींचे पुंज चाळणीसारखे सच्छिद्र दिसतात. तो मध्यम वयात होतो, तसाच किशोरवयातही होतो. यांखेरीज जुन्या बहुरूपी ग्रंथ्यर्बुदातच उद्भवलेला कर्करोग, तसेच इतर काही विरळ कर्करोग अश्रुग्रंथीत आढळतात.

काल आणि वेदना

बहुरूपी ग्रंथ्यर्बुद अत्यंत सावकाश वाढते. वर्षभर, दोन वर्षे, कधी याहूनही अधिक काळ डोळा हळूहळू खाली व पुढे सरकत राहतो आणि रुग्णास दुखत मात्र नाही. सावकाश पडणाऱ्या दाबामुळे शेजारच्या हाडात गुळगुळीत खळगा पडतो. हाड खाल्ले जात नाही, ते वाकते. याउलट ॲडिनॉइड सिस्टिक कर्करोगाची लक्षणे काही महिन्यांतच स्पष्ट होतात. तो मज्जातंतूंच्या कडेने व हाडात शिरत असल्याने अनेक रुग्णांना सतत दुखते आणि काहींना कपाळाच्या किंवा कानशिलाच्या भागात बधिरपणा जाणवतो.

लंडन येथील मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील जॉन राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली या भेदास व्यवहाराचे सूत्र दिले. लक्षणे एक वर्षाहून अधिक काळ असतील, वेदना नसेल आणि प्रतिमाचित्रात गाठीच्या कडा रेखीव असतील, तर ते बहुरूपी ग्रंथ्यर्बुद मानून त्याचा तुकडा न काढता ते संपूर्ण काढावे. लक्षणे वर्षाहून कमी काळाची असतील, वेदना असेल किंवा हाड झिजलेले दिसेल, तर मात्र प्रथम तुकडा काढून तपासावा. हे सूत्र आजही उपयुक्त आहे.

या सूत्राच्या मुळाशी असलेला धोका आकड्यांनी स्पष्ट होतो. रॅमन फाँट व जॉन गॅमेल यांनी १९७८ साली २६५ अर्बुदांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. बहुरूपी ग्रंथ्यर्बुद त्याच्या वेष्टनासह अखंड काढले असता पाच वर्षांत ते पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ३ टक्के आढळले. जेथे आधी तुकडा काढला गेला होता, तेथे हेच प्रमाण ३२ टक्के होते. याचे कारण अर्बुदाच्या रचनेत आहे. त्याचे वेष्टन खरे आवरण नव्हे. दाबल्या गेलेल्या ऊतकांचा तो एक पातळ थर असतो आणि अर्बुदाचे सूक्ष्म उंचवटे त्यात शिरलेले असतात. वेष्टन फुटले की पेशी खोबणीत विखुरतात. अशा विखुरलेल्या पेशींपासून पुढे कित्येक वर्षांनी अनेक ठिकाणी गाठी होतात आणि त्यांतील काही मारकही होतात. सौम्य विकाराचे असाध्य विकारात रूपांतर होण्यास एक अवेळी घेतलेला छेद पुरेसा होतो, एवढे या ठिकाणी पणास लागलेले असते.

मात्र हे सूत्र यंत्रवत वापरावयाचे नाही. ॲडिनॉइड सिस्टिक कर्करोगाच्या सर्वच रुग्णांना वेदना होते असे नाही, त्यामुळे वेदनेच्या अभावावरून कर्करोग नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. दुसऱ्या बाजूस, अनेक वर्षे शांत असलेली गाठ अकस्मात वाढू लागते व दुखू लागते. अशा वेळी जुन्या बहुरूपी ग्रंथ्यर्बुदात कर्करोग उद्भवला असण्याची शंका घ्यावी लागते. एकूण कालावधी मोठा असल्यामुळे वैद्य निश्चिंत राहिला, तर येथे फसगत होते. म्हणून ‘केव्हापासून’ या प्रश्नाबरोबर ‘मध्यंतरी काही बदल झाला काय’ हा प्रश्नही तितकाच आवश्यक होय.

रुग्णाची भाषा

निदानाचा इतका भार ज्या उत्तरांवर आहे, ती उत्तरे रुग्ण आपल्या बोलीत देतो. तेव्हा त्या बोलीचा विचार येथे अप्रस्तुत ठरू नये. वैद्यकाची पाठ्यपुस्तके वेदना आहे किंवा नाही असे दोनच रकाने मांडतात. मराठी रुग्ण मात्र डोळा दुखतो, ठणकतो, सलतो, खुपतो, चुरचुरतो, ओढ लागते, जड वाटतो, अशा अनेक क्रियापदांनी आपली अवस्था सांगतो. या क्रियापदांत सूक्ष्म अर्थभेद आहे. ‘खुपणे’ व ‘चुरचुरणे’ यांचा रोख बहुधा डोळ्याच्या पृष्ठभागाकडे असतो. कोरडेपणा किंवा कण गेल्याची भावना त्यांतून व्यक्त होते. ‘ठणकणे’ ही ठोके पडल्यासारखी वेदना होय आणि पिकणाऱ्या गळवाशी तिचा संबंध लोकव्यवहारात जोडलेला आहे. ‘सलणे’ मात्र आत काहीतरी रुतल्याप्रमाणे सतत, मंद आणि दीर्घकाळ चालते. मज्जातंतूच्या कडेने पसरणाऱ्या विकाराची वेदना रुग्ण या शब्दाने सांगण्याचा संभव असतो. ‘दुखते काय’ या प्रश्नास ‘दुखत नाही, पण सलते’ असे उत्तर मिळाले आणि लिहिणाऱ्याने ‘वेदना नाही’ एवढीच नोंद केली, तर नोंदीत त्रुटी राहते आणि तिचा परिणाम शस्त्रक्रियेपर्यंत जाऊन पोहोचू शकतो.

तीच गोष्ट लक्षणांच्या नावांची. मराठीत ‘डोळे येणे’ म्हणजे डोळे लाल होऊन चिकटणे, हा साथीचा व परिचित विकार होय. ‘डोळा पुढे येणे’ ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. ‘डोळा आलाय’ एवढ्याच शब्दांत तक्रार सांगितली गेली, तर या दोहोंत गल्लत होऊ शकते. वरच्या पापणीच्या कोपऱ्यातील सूज रांजणवाडी समजून घरगुती शेकावर काही आठवडे जाणे हेही सहज घडण्याजोगे आहे. काळाचीही अशीच कथा आहे. ‘बरेच दिवस झाले’ या शब्दप्रयोगात तीन आठवडेही मावतात आणि तीन वर्षेही. मागची दिवाळी, पेरणी, घरातील लग्न अशा खुणांशी प्रश्न जोडला असता उत्तर अधिक निश्चित मिळते. जुनी छायाचित्रे मागवून डोळ्यांची पातळी ताडून पाहण्याची रीत नेत्रवैद्यकात मान्य आहे. लग्नातील किंवा ओळखपत्रावरील छायाचित्रात डोळा किंचित खाली उतरलेला दिसला, तर रुग्णाच्या स्मरणापेक्षा तो पुरावा अधिक विश्वसनीय ठरतो.

परीक्षा व प्रतिमाचित्रण

इतिहासानंतर प्रत्यक्ष परीक्षा येते. गाठ बोटाला लागते काय, ती टणक आहे की रबरासारखी, दाबले असता दुखते काय, डोळा किती पुढे आला आहे, त्याच्या हालचालींत अडथळा आहे काय, कपाळाच्या त्वचेची संवेदना शाबूत आहे काय, या गोष्टी पाहावयाच्या असतात. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी एकाच वेळी सुजल्या असतील, तर स्थानिक अर्बुदापेक्षा सर्वांगीण विकाराची शक्यता अधिक असते. सार्कॉइडोसिस, श्योग्रेन यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार, लिंफोमा, क्वचित क्षयरोग यांचा शोध अशा वेळी घ्यावा लागतो. वरची पापणी उलटली असता बुबुळाबाहेरच्या पांढऱ्या भागावरील पातळ पडद्याखाली गुलाबी, मांसल थर दिसला, तर लिंफोमाची शंका घ्यावी.

सी.टी. स्कॅन या तपासणीत हाडांची स्थिती उत्तम कळते. गुळगुळीत खळगा सावकाश वाढणाऱ्या सौम्य गाठीचा निदर्शक असतो. खडबडीत, कुरतडल्यासारखे हाड मारक अर्बुदाकडे बोट दाखविते आणि गाठीतील चुन्याचे कणही कर्करोगाचा संशय वाढवितात. लिंफोमा बहुधा हाड न खाता, लोण्याच्या गोळ्याने भांड्याचा आकार घ्यावा तसा, डोळ्याच्या गोलाभोवती पसरतो. एम.आर.आय. तपासणीत मृदू ऊतके व मज्जातंतूंच्या मार्गाने झालेला प्रसार अधिक स्पष्ट होतो. तिच्या एका विशेष पद्धतीत ऊतकातील पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजता येते. दाटीवाटीच्या पेशी असलेल्या लिंफोमात ती मंदावलेली आढळते.

दाहाचे निदान करताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. दाहातही वेदना असते, परंतु ती काही दिवसांतच उद्भवते आणि लाली, सूज व स्पर्शासह्यता तिच्या सोबत असतात. अशा रुग्णास स्टेरॉइड औषधांनी लवकर आराम पडतो. परंतु लिंफोमाही या औषधांनी तात्पुरता आकसतो. आराम पडला एवढ्यावरून दाहच होता असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे होय. सूज पूर्णपणे उतरली नाही किंवा औषध कमी करताच पुन्हा आली, तर तुकडा काढून तपासणे इष्ट असते.

आधुनिक काळात एक दुरुस्तीही ध्यानात घ्यावयास हवी. इतिहास व प्रतिमाचित्रे यांचा मेळ बसत नसेल, तर सुईने किंवा जाड पोकळ सुईने अल्पसा नमुना घेण्याचा मार्ग अलीकडे अनेक तज्ज्ञ स्वीकारतात. पुढे बहुरूपी ग्रंथ्यर्बुदच निघाले, तर सुईच्या वाटेसह ते काढून टाकता येते. जुना निषेध सैल झाला असला, तरी त्याचे मर्म कायम आहे. लक्षणे स्पष्टपणे सौम्य अर्बुदाची असताना त्यास छेद देण्याचे कारण नाही.

उपचार

बहुरूपी ग्रंथ्यर्बुदावरील उपचार एकच, तो म्हणजे अखंड उच्छेद. खोबणीत आत असलेल्या गाठीपर्यंत पोहोचण्यासाठी बाहेरील भिंतीचे हाड तात्पुरते काढून पुन्हा बसविण्याची शस्त्रक्रिया करतात. या मार्गाचा पाया झुरिकचे शस्त्रवैद्य रुडोल्फ क्रोनलाइन यांनी १८८८ च्या सुमारास घातला. आज छेद बहुधा पापणीच्या घडीत घेतात, त्यामुळे व्रण फारसा दिसत नाही. गाठ चिमट्याने न धरता, तिच्या भोवतालचा थोडा निरोगी भाग व हाडावरील पातळ पडदा यांसह ती उचलतात. शस्त्रक्रियेनंतर डोळा काही प्रमाणात कोरडा पडतो. परंतु पापण्यांतील सूक्ष्म सहायक ग्रंथी नित्याचा ओलावा राखतात आणि उणीव भासल्यास कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरता येतात.

लिंफोमात शस्त्रक्रियेचे काम निदानापुरतेच असते. सर्वांगाची तपासणी करून विकार खोबणीपुरता मर्यादित असल्याचे ठरले, तर मंद गतीच्या प्रकारात सुमारे २४ ग्रे मात्रेच्या किरणोपचाराने तो बहुधा आटोक्यात येतो.

सर्वांत कठीण प्रश्न ॲडिनॉइड सिस्टिक कर्करोगाचा आहे. विसाव्या शतकात पुष्कळ काळ डोळ्यासह संपूर्ण खोबण रिकामी करणे, प्रसंगी शेजारचे हाडही काढणे, हा मार्ग मानला जाई. परंतु इतका मोठा अंगच्छेद केल्याने आयुष्य निश्चितपणे वाढते, असे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. मज्जातंतूंच्या मार्गाने कवटीकडे गेलेल्या किंवा रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचलेल्या पेशींना खोबण रिकामी केल्याने अटकाव होत नाही, हे त्याचे कारण असावे. यामुळे लहान व मर्यादित अर्बुदांत डोळा राखून गाठ काढावयाची आणि त्यानंतर सुमारे ६० ग्रे मात्रेचा किरणोपचार द्यावयाचा, हा मार्ग अलीकडे अनेक केंद्रांत स्वीकारला गेला आहे. ज्यांना प्रोटॉन किरण उपलब्ध आहेत, अशा ठिकाणी डोळ्याच्या व मेंदूच्या निरोगी भागास कमी इजा पोहोचविण्याचा प्रयत्न होतो. अमेरिकेत मायामी येथील डेव्हिड त्से व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली आणखी एक पद्धत मांडली. शस्त्रक्रियेपूर्वी सिस्प्लॅटिन हे औषध धमनीतून अर्बुदाकडे नेऊन ते आधी लहान करावयाचे, अशी ती आहे. निवडक रुग्णांत तिचे फळ आशादायक आढळले. तथापि विकारच इतका दुर्मिळ आहे की, दोन पद्धतींची मोठ्या प्रमाणावर तुलना करणे सहजसाध्य नाही.

अर्बुदाची अवस्था ठरविण्यासाठी २०१७ पासून प्रचारात असलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दोन सेंटिमीटरपर्यंतचे अर्बुद पहिल्या, दोन ते चार सेंटिमीटरचे दुसऱ्या आणि त्याहून मोठे तिसऱ्या पायरीवर येते. शेजारच्या अवयवांत शिरलेले अर्बुद चौथ्या पायरीवर गणतात. अस्थिवेष्टन व हाड यांत शिरकाव झाला आहे किंवा नाही, हेही प्रत्येक पायरीवर नोंदवितात. भवितव्याचा दुसरा निर्देशक पेशींच्या मांडणीत असतो. गॅमेल व फाँट यांच्या १९८२ च्या अभ्यासात घट्ट पेशींचा ‘बेसलॉइड’ आकृतिबंध असलेल्या रुग्णांपैकी २१ टक्के पाच वर्षे जगले. तो नसलेल्यांत हे प्रमाण ७१ टक्के होते. हा कर्करोग दहा-दहा वर्षांनीही पुन्हा डोके वर काढतो, म्हणून रुग्णाची देखरेख जन्मभर करावी लागते.

नावांचा प्रश्न

या विकारांच्या नावांचा इतिहासही उद्‌बोधक आहे. ॲडिनॉइड सिस्टिक कर्करोगास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास थिओडोर बिलरोथ यांनी ‘सिलिंड्रोमा’ असे नाव दिले होते. पेशींच्या दंडगोलाकृती मांडणीवरून ते आले. त्यात रूपाचे वर्णन होते, वर्तनाची सूचना नव्हती. आज तेच नाव त्वचेच्या एका सौम्य अर्बुदास लावतात. जुने कागदपत्र वाचताना ही गोष्ट ठाऊक नसेल, तर घातक विकार सौम्य समजला जाण्याचा धोका आहे. पोलंडमध्ये व जर्मनीत काम केलेले शस्त्रवैद्य मिकुलिच यांनी १८८८ साली वर्णिलेली अश्रुग्रंथी व लालाग्रंथी यांची वेदनारहित सूज दीर्घकाळ त्यांच्या नावाने ओळखली गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिच्या अनेक उदाहरणांचा संबंध आयजीजी-४ या प्रतिपिंडाशी निगडित विकाराशी जुळला आणि ती स्टेरॉइडांना चांगली दाद देते असे कळून आले. याच काळात, २००९ साली, ॲडिनॉइड सिस्टिक कर्करोगातील ‘मिब’ व ‘एनएफआयबी’ या दोन जनुकांचा संयोग प्रकाशात आला. रूपावरून, मग शोधकाच्या नावावरून, आणि आता जनुकांवरून, असा नामकरणाचा प्रवास येथे दिसतो.

आपल्या परंपरेतील ‘अर्बुद’ हा शब्दही या दृष्टीने लक्षणीय आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन करताना त्याची स्थिरता, मंद वेदना, खोल मूळ, सावकाश होणारी वाढ व न पिकणे ही लक्षणे सांगितली आहेत. गाठीचे स्वरूप ठरविताना काल व वेदना यांना तेथेही स्थान आहे. अर्थात त्या वर्णनात आजचे सौम्य व मारक हे भेद शोधू नयेत. प्राचीन शब्द आज वापरताना त्याचा आजचा अर्थ स्पष्ट करणे, हे परिभाषा घडविणाऱ्याचे कर्तव्य होय.

‘सौम्य’ या शब्दाचाही असाच विचार करावा लागतो. पेशींच्या वर्तनापुरता तो बरोबर आहे. परंतु रुग्ण किंवा नवखा वैद्य त्याचा अर्थ ‘घाई नाही, कसेही काढले तरी चालेल’ असा घेईल, तर तोच शब्द अपायाचे कारण होईल. बहुरूपी ग्रंथ्यर्बुद सौम्य आहे, पण हयगय सहन करणारे नाही. विकाराचे नाव सांगताना त्यासोबत त्याची अट सांगितली गेली पाहिजे.

सारांश, अश्रुग्रंथीच्या अर्बुदांत निदानाचे साधन म्हणून सूक्ष्मदर्शक व प्रतिमाचित्रे यांचे महत्त्व वादातीत असले, तरी त्यांच्या आधी रुग्णाचे निवेदन येते. ते किती काळजीपूर्वक विचारले, ऐकले व लिहून घेतले जाते, यावर पहिल्या शस्त्रक्रियेचे स्वरूप ठरते आणि पहिल्या शस्त्रक्रियेवर पुष्कळदा पुढचे सर्व आयुष्य ठरते. महाराष्ट्रातील रुग्णालयांत इतिहास घेणारा विद्यार्थी बहुधा मराठीत प्रश्न विचारतो आणि इंग्रजीत नोंद करतो. या दोहोंमध्ये ‘सलणे’ आणि ‘ठणकणे’ यांतील भेद गळून पडणार नाही अशी वेदनावाचक शब्दांची चिकित्सक सूची तयार करणे, हे भाषाशास्त्र व वैद्यक या दोन्ही विभागांनी मिळून हाती घेण्याजोगे काम आहे.